खर्रा सुटला, व्हेप आला

प्रश्न : नागपूरला शिकणाऱ्या माझ्या मुलाने खर्रा सोडला, पण आता तो व्हेप ओढतो. ‘यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे,’ म्हणतो. दातांना चालेल का?
– एक वाचक, तिगाव (जि. पांढुर्णा)

उत्तर : नाही. ती पाण्याची वाफ नव्हे. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, गोड स्वाद आणि बहुधा निकोटीन यांचे ते तापलेले तुषार असतात. त्यांनी तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी झाली की दात लवकर किडतात. निकोटीन तर भारी लबाड. ते हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते; हिरड्या आजारी असूनही रक्त कमी येते आणि माणूस निर्धास्त राहतो.

खर्रा सुटला हे उत्तमच, पण त्यातल्या सुपारीने केलेली इजा मागे उरते. मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगा. त्याची स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून आत जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात लगेच दाखवा.

व्हेपच्या विक्रीवर देशात २०१९पासून बंदी आहे. म्हणजे त्याच्या हातातला माल चोरट्या बाजारातला. आत काय भरलेय, कोण सांगणार? त्याच्यावर रागावू नका. निकोटीन सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर त्याला स्वतःला फोन करू द्या.