जुना ट्रॅक्टर : दुरुस्त करावा की विकावा?

इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात ऐन उसाच्या हंगामात ट्रॅक्टर बंद पडल्यास निर्णय घाईने होतो. म्हणून हंगामापूर्वीच हिशेब मांडावा. निळा धूर, तेलाचा वाढता खप व घटलेली ओढ ही इंजिन झिजल्याची लक्षणे होत. केवळ क्लच किंवा टायर झिजले असल्यास दुरुस्ती बहुधा परवडते. आजवर केलेला खर्च हिशेबात धरू नये. पुढील दुरुस्तीचा खर्च, ती किती काळ टिकेल व तेवढ्या काळाचे ट्रॅक्टर-भाडे अथवा नव्या ट्रॅक्टरचे हप्ते यांची तुलना करावी. नोंदणीस 15 वर्षे झाल्यावर नूतनीकरण 5 वर्षांपुरतेच मिळते. राज्यातच विकल्यास 14 दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवून नाव बदलल्याची खात्री करावी. अन्यथा अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकाच्या माथी येऊ शकते. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही बाब शेतकऱ्यांस आवर्जून समजावून द्यावी.