सांचीचीं दोन अक्षरें

भोपाळजवळ सांचीच्या टेकडीवर एक भव्य बौद्ध स्तूप आहे. त्याचा विटांचा गाभा अशोककालीन असून दगडी आवरण मागाहून चढविलेलें आहे. आंत काय आहे हें पाहण्याच्या उतावळीनें इ. स. १८२२ त त्याची एक बाजू माथ्यापासून पायापर्यंत फोडण्यांत आली. हातीं कांहींच लागलें नाहीं. उलट पश्चिमेचें तोरण मात्र कोसळलें.

खरा ठेवा बाहेरच्या कठड्यावर उघडाच होता. तेथील लहान लहान लेख ब्राह्मी लिपींत होते, व ती कोणास वाचतां येत नव्हती. १८३७ सालीं कलकत्त्याच्या टांकसाळींतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप ह्यांस त्या लेखांचे ठसे पाहतांना आढळून आलें कीं, बहुतेकांच्या शेवटीं तींच दोन अक्षरें आहेत. देवस्थानास वस्तु अर्पण करून तीवर नांव कोरविण्याची रीत त्यांस ठाऊक होती. तेव्हां हा शब्द ‘दानं’ असावा, असा त्यांनीं तर्क केला. तो खरा ठरला. ह्याच किल्लीनें पुढें अशोकाच्या आज्ञा उलगडल्या.

हे दाते कोण? भिक्षुणी, गृहिणी, व्यापारी, विदिशेचे हस्तिदंताचे कारागीर! ज्यांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत, अशांच्या अल्प दानांमुळें एका सम्राटाची वाणी जगास पुन्हां ऐकूं आली. कुदळीस जें साधलें नाहीं, तें सावध दृष्टीस साधलें.