यंत्रनियंत्रणासाठी सूक्ष्मनियंत्रकाची निवड

इंटेल कंपनीने १९८० साली '८०५१' हा सूक्ष्मनियंत्रक, म्हणजेच मायक्रोकंट्रोलर, बाजारात आणला तेव्हा त्यात अवघी १२८ बाइट रॅम होती. तेवढ्यावरही यंत्रनियंत्रणाची पुष्कळ कामे निभावली गेली. आज तशाच चिपमध्ये शेकडो किलोबाइट रॅम असते आणि ती इथरनेटच्या तारेने किंवा वायफायने दुसऱ्या यंत्रांशी संपर्कही ठेवते. साहजिकच, असा नियंत्रक बसवू इच्छिणारा लघुउद्योजक प्रथम वेग व स्मृती यांचे आकडे पाहतो. वस्तुतः संपर्क तुटला असता यंत्राने काय करावे, हे आधी ठरवावयास हवे. बरीचशी निवड त्या उत्तरातूनच होते.

ग्रामीण नळपाणीपुरवठा योजनेचे उदाहरण घेऊ. नदीकाठी जॅकवेलवर पंप आहे, दोन किलोमीटरांवरील टेकडीवर जलकुंभ आहे. जलकुंभातील पातळी पंपगृहाला कळवावयाची व टाकी भरताच पंप बंद करावयाचा, एवढेच काम. 'टाकी भरली' असा निरोप येताच पंप थांबवावा, ही योजना सहज सुचते. परंतु तो निरोप वाटेतच हरवला तर पंप चालूच राहील आणि वीज व पाणी दोन्ही वाया जातील. त्यापेक्षा 'अजून जागा आहे' हा निरोप दर अर्ध्या मिनिटाला येत राहावा आणि दोन मिनिटे तो न आल्यास पंप थांबावा, ही रचना अधिक सुरक्षित होय.

तरीही विचार येथे संपत नाही. पावसाळ्यात संपर्क दोन दिवस बंद पडला, तर गावाने तहानलेले राहावयाचे काय? अशा वेळी नियंत्रकाने घड्याळ पाहून, गावाच्या रोजच्या गरजेपुरताच वेळ पंप चालविला पाहिजे. त्यासाठी वीज गेली तरी बॅटरीवर चालणारे घड्याळ हवे. आज्ञावली अडकून पडल्यास चिप पुन्हा सुरू करणारा स्वतंत्र 'वॉचडॉग' हवा. विजेचा दाब घसरताच चिपला आवरणारी सोयही हवी. विहिरीतील पाणी तळाला गेल्यावर पंप थांबविणारा फ्लोट स्विच मात्र थेट कॉन्टॅक्टरच्या मंडलातच जोडावा; ते काम कितीही चांगल्या चिपवर सोपवू नये.

दोन किलोमीटरांसाठी रेडिओ, मोबाइल किंवा प्रकाशतंतू यांवाचून सहसा गत्यंतर नसते. कारखान्याच्या आवारात पर्याय अधिक आहेत. आरएस-४८५ ही दोन तारांची पद्धत कमी वेगाने सुमारे १२०० मीटरपर्यंत चालते. तिच्यावरून १९७९ पासून प्रचारात असलेली मॉडबस ही संदेशपद्धती वापरता येते, आणि पाचदहा यंत्रांच्या लहान कारखान्याला ती आजही पुरेशी आहे. बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडलेल्या कॅन पद्धतीत दोन निरोप एकाच वेळी निघाले तर अधिक महत्त्वाचा आधी जातो; मात्र सेकंदाला दहा लाख बिट या वेगाने तिचा पल्ला सुमारे ४० मीटरच असतो. इथरनेटच्या तांब्याच्या तारेला प्रत्येक टप्प्यात १०० मीटरची मर्यादा आहे.

'इथरनेटयुक्त' या विशेषणाने फसू नये. एसटीएम३२एफ४०७ सारख्या चिपमध्ये इथरनेटचा अंकीय भाग असतो, परंतु तारेवर प्रत्यक्ष संकेत सोडणारी चिप वेगळी लावावी लागते. तो खर्च हिशेबात धरावा. २०१६ मध्ये आलेली ईएसपी३२ ही वायफायसह मिळणारी चिप स्वस्त असल्याने लोकप्रिय आहे. पण तिच्या मूळ आवृत्तीत वायफाय चालू असताना संवेदकांचे संकेत मोजणाऱ्या दोन एककांपैकी एक वापरता येत नाही. पातळी, दाब व तापमान एकाच चिपवर मोजावयाचे असल्यास ही अडचण ऐन वेळी उभी राहते.

स्मृतीचा हिशेबही कामावरून करावा. इथरनेटची सर्वांत मोठी साधी चौकट १५१८ बाइटची असते, पण सांकेतिक सुरक्षेच्या टीएलएस पद्धतीत एकेक नोंद १६ किलोबाइटपर्यंत जाऊ शकते. म्हणून ६४ किलोबाइट रॅमची चिप अशा कामात लवकरच अपुरी पडते. कायम स्मृतीची झीज तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही. पुष्कळ चिपमध्ये तिचा एक भाग सुमारे १०,००० वेळा पुसून लिहिण्याचीच हमी असते. दर मिनिटाची नोंद त्याच जागी पुसून लिहीत राहिल्यास ही मर्यादा सात दिवसांत संपते!

विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या बंद पेटीत बसणाऱ्या नियंत्रकासाठी ७० अंश सेल्सियसपर्यंतच हमी असलेली व्यापारी दर्जाची चिप घेणे धोक्याचे आहे. ८५ अंशांपर्यंतची औद्योगिक दर्जाची घ्यावी. २०२० नंतरच्या दोन वर्षांतील जागतिक चिपटंचाई ध्यानात घेता, दहा वर्षे पुरवठ्याचे आश्वासन जाहीर करणाऱ्या उत्पादकाला झुकते माप देणे योग्य.

खरेदी कायम करण्यापूर्वी नमुना-मंडल खऱ्या कॉन्टॅक्टरशेजारी बसवावे. पंप चालू असताना जाळ्याची तार उपटावी, वीज घालवून लगेच परत द्यावी आणि चिप सुरू होत असता रिले क्षणभरही ओढला जातो काय ते पाहावे. ओढला गेल्यास त्या पिनला खाली खेचणारा रोधक लावून किंवा पिन बदलून परीक्षा पुन्हा घ्यावी.