कोरड्या तेलपात्राची वंगणपद्धती

तेलपात्रात पुरेसे तेल असूनही शर्यतीच्या मोटारीचे इंजिन वंगणावाचून निकामी होऊ शकते. वळणावरील पार्श्व त्वरण गुरुत्वत्वरणाइतके झाले, की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. शोषक नळीचे तोंड उघडे पडते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगमधील तेलाचा थर तुटतो.

यावर उपाय म्हणजे तेल वेगळ्या टाकीत साठविणे. १९६४ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या पोर्शे ९११ मध्ये हीच योजना होती.

तयार संच महाग पडतो. काटकसर करावयाची, तर इंजिनाचा मूळ पंप दाबासाठी ठेवून त्याची शोषक वाट टाकीशी जोडावी. तेल परत आणण्यासाठी पट्ट्यावर चालणारा बाह्य पंप बसवावा. परतीच्या तेलात फेस असल्याने या पंपाची क्षमता दाबपंपाहून अधिक लागते. टाकी व उथळ तेलपात्र स्थानिक वेल्डर बनवू शकतो. टाकी उंच व अरुंद असावी. तेल भिंतीलगत फिरत उतरले म्हणजे हवा सुटते. मात्र टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पैसा वाचवू नये. ती रुंद व आतून तारेने बळकट केलेली नसेल, तर शोषणाने चपटी होते आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो.

प्रथम ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवावे. दाबमापकाचा काटा चढल्यावरच ठिणगी जोडावी. तेलाची पातळी तापलेले इंजिन चालू असताना पाहावी. उभ्या गाडीत तेल टाकीतून इंजिनात झिरपते व मोजपट्टी फसविते. ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट चालविणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.