आधी ‘डॉक्टर’ लिहून बघा

लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार आधी वजन हातात देतो. एका हातात अकरा इंची, दुसऱ्या हातात पंधरा इंची. गिऱ्हाईक लहान मशीन दोनदा वरखाली करून बघतं आणि निम्मा सौदा तिथेच उरकतो. मराठी टंकनावर ज्याचं पोट आहे, त्याने अशा वेळी दोन्ही मशीन टेबलावर ठेवायला लावावीत, कीबोर्ड इनस्क्रिप्टवर न्यावा आणि ‘डॉक्टर’ हा शब्द सलग चारपाच वेळा टाइप करून बघावा.

इनस्क्रिप्टमध्ये ड असतो डाव्या चौकटी कंसाच्या बटणावर, ऑचा काना त्याच ओळीच्या टोकाला, उलट्या तिरप्या रेघेच्या बटणावर, आणि ट अवतरणचिन्हाच्या. म्हणजे सहा बटणांपैकी तीन उजव्या कडेची. च त्यांच्याच शेजारी, अर्धविरामावर. आणि कंपनीला कीबोर्ड आखूड करायचा असला की कात्री हमखास याच कडेला लागते. इंग्रजी लिहिणाराला ही बटणं अधूनमधूनच लागतात, ती अरुंद झाली तरी त्याचं फारसं बिघडत नाही. मराठी लिहिणाराची करंगळी मात्र दर ओळीला तिथे जाते आणि ट दाबायला जाऊन एंटर दाबून येते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्यांना हा त्रास नाही. वृत्तपत्रं, प्रकाशनं, न्यायालयीन भाषांतरं यांत हयात घालवलेली बरीच मंडळी मात्र इनस्क्रिप्टवालीच आहेत.

प्रस्तुत लेखिका मुद्रितशोधन आणि भाषांतर करते. तिच्या टेबलावर दोन्ही मापं आहेत. पंधरा इंची कामासाठी घेतलेलं. अकरा इंची भाच्याच्या ऑनलाइन शाळेसाठी टाळेबंदीत आलेलं आणि त्याची शाळा भरू लागल्यावर मावशीच्या वाट्याला आलेलं. दोन्ही रोज वापरून तिचं जे मत झालं, ते दुकानातल्या तराजूशी जुळत नाही. पण लहान मशीनचे गुण आधी सांगायला हवेत, कारण ते खरे आहेत.

पुणे-मुंबई चेअर कारमध्ये पुढच्या प्रवाशाने पाठ मागे टाकली की पंधरा इंचीचं झाकण पुरतं उघडतच नाही. पडदा छातीकडे झुकतो, मनगटं पोटाशी येतात, आणि कर्जत येईपर्यंत माणूस मशीन मिटून खिडकीबाहेर बघायला लागतो. अकरा इंची त्याच फळीवर ऐसपैस बसतं आणि शेजारी चहाचा कप ठेवायला जागाही उरते. ग्रंथालयात टिपणं काढणं, न्यायालयाच्या आवारात बाकावर बसून अर्जाचा मसुदा दुरुस्त करणं, सभेला जाऊन इतिवृत्त तिथल्या तिथे लिहून काढणं, या कामांना लहान मशीनसारखं दुसरं नाही. त्यातल्या बऱ्याच मशीनना पंखाच नसतो, त्यामुळे मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणात घरघर येत नाही. वजनाचा फरकही नुसत्या मशीनपुरता नाही. पंधरा इंची साधारण पावणेदोन किलोचं, वर त्याचा विटेसारखा चार्जर. लहान मशीन किलो-सव्वा किलोचं, आणि टाइप-सीवर चार्ज होणारं असलं तर फोनचा दणकट चार्जर बऱ्याचदा दोघांना पुरतो. जुन्या लहान मशीनना बारीक गोल पिन असते. ती वायर गावाला विसरली की तालुक्याच्या बाजारात तशीच दुसरी मिळेल याची खात्री नाही.

आता प्रुफांकडे येऊ. अकरा पॉइंट सहा इंची पडद्याची उंची भरते जेमतेम साडेचौदा सेंटिमीटर. एफोर कागद एकोणतीस पॉइंट सात सेंटिमीटरचा. म्हणजे खऱ्या मापात अर्धं पानसुद्धा दिसत नाही, आणि वरच्या मेनूच्या पट्ट्या नि खालचा टास्कबार अजून धरलेलाच नाही. पंधरा पॉइंट सहा इंचीवर तेच पान जवळजवळ दोन तृतीयांश दिसतं. दोन पडद्यांच्या कर्णांत फरक चार इंचांचा. क्षेत्रफळात मात्र मोठा पडदा १.८ पट भरतो.

मग आख्खं पान एका नजरेत यावं म्हणून ते लहान करून बघावं, तर दुसरी अडचण उभी राहते. स्वस्त लहान मशीनचा पडदा बहुधा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो. फुल एचडीच्या जेमतेम निम्मे ठिपके. पट्ट्या वजा जाता पानाला उभे सहाशे ठिपके उरले आणि पानावर पस्तीस ओळी असल्या, तर एका ओळीच्या वाट्याला सतरा ठिपके आले. त्या सतरांत शिरोरेघ, तिच्यावरची वेलांटी, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, शिवाय दोन ओळींमधली मोकळी जागा. रोमन अक्षराला एवढ्यात भागवता येतं. देवनागरीत अनुस्वाराला एखाद-दुसरा ठिपका मिळतो, तो वेलांटीच्या वळणात मिसळतो, आणि ‘त्यानी’ आहे की ‘त्यांनी’ हे नजरेने नव्हे, अंदाजाने ठरवावं लागतं. पहिला उकार की दुसरा, याचंही तेच. मुद्रितशोधनात अंदाजाला जागा नसते. तेव्हा प्रत्येक परिच्छेद मोठा करून बघायचा, पुन्हा मागे यायचं, पुन्हा खाली सरकवायचं. काम होतं, वेळ दुप्पट लागतो आणि संध्याकाळी मान धरते.

मानेवरून आठवलं. लॅपटॉपचा पडदा कीबोर्डाला चिकटलेला असतो, त्यामुळे तो कुठल्याही मापाचा असला तरी डोळ्यांच्या पातळीखालीच राहतो. लहान मशीन आणखी खाली जातं. घरी तासन् तास बसायचं असेल तर त्याला एचडीएमआयने वेगळा मॉनिटर जोडावा, साधा कीबोर्ड लावावा. पण असं करायचं ठरलं की माउस, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह आणि मराठी सॉफ्टवेअरचं लॉक ही सगळी मंडळी यूएसबीच्या जागेसाठी रांग लावतात. लहान मशीनला जागा दोन, कधी एकच. हबचा खर्च हिशेबात धरावा.

या सगळ्यावर उपाय आहेत. ज्याला उपाय नाही अशी गोष्ट मशीनच्या पोटात असते, आणि दुकानात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. भाच्याच्या मशीनमध्ये चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठवण आहे. ते घेताना बहिणीने “पुढे वाढवता येईल ना?” असं विचारलं होतं, आणि “येईल की ताई, कधीही आणा” असं उत्तर मिळालं होतं. पुढे नेलं तेव्हा दुरुस्तीच्या टेबलावर खालचं झाकण उघडून दाखवण्यात आलं: रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, साठवण म्हणजे ईएमएमसीची चिप, तीही सोल्डर केलेली. नवी बसवायला खाचच नाही. दुकानदार खोटं बोलला असं म्हणवत नाही. मोठ्या मशीनला खाच असते म्हणून याही मशीनला असेल, असं त्याने धरलं असावं.

चौसष्ट जीबी ऐकायला पुष्कळ वाटतात. विंडोजमध्ये उघडून पाहिलं की त्यांचे एकोणसाठच दिसतात, कारण कंपनी आणि विंडोज वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात. खुद्द विंडोज त्यातले पंचवीस-तीस घेतं. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटला आणखी मोकळी जागा लागते. ती नसली की अपडेट अर्ध्यावर थांबतं, पूर्ववत होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं आणि तेवढा वेळ मशीन गोगलगाय होतं. विंडोज ११ ची किमान अट चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी साठवण अशी आहे, म्हणून खोक्यावर ‘विंडोज ११’ छापायला कंपनी मोकळी असते. पण किमान अटीत मशीन सुरू होतं एवढंच. ब्राउझरच्या दहा खिडक्या, एक व्हिडिओ कॉल आणि वर्डमधली शंभर पानी फाइल एका वेळी चार जीबीत मावत नाहीत. मग रॅमचं काम ईएमएमसीवर ढकललं जातं, आणि ती चिप एनव्हीएमई एसएसडीपेक्षा कित्येक पटींनी संथ असते.

हे आजचं नाही. २००७ मध्ये आसूसने ईई पीसी ७०१ आणलं. सात इंची पडदा, ८०० बाय ४८० ठिपके, ५१२ एमबी रॅम, चार जीबी साठवण, वजन किलोच्या आत, आणि आत लिनक्स. त्या मापात ते मशीन प्रामाणिक होतं: मेल, ब्राउझर, थोडं लिखाण. लोकांच्या उड्या पडल्या. मग इंटेलचा ॲटम प्रोसेसर आला, एसर, एचपी, डेल सगळ्यांनी नेटबुकं काढली, आणि गिऱ्हाइकाला विंडोज हवं म्हणून त्याच इवल्याशा शरीरावर ते चढवलं. विंडोज ७ ची जी स्टार्टर आवृत्ती नेटबुकांवर येई, तीत पडद्यामागचं चित्रसुद्धा बदलता येत नसे. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड दाखवताना स्टीव्ह जॉब्जने नेटबुक कशातच सरस नाही असा शेरा मारला. शेरा बोचरा होता, पण बाजाराने तो मानला. २०१३ उजाडेपर्यंत नेटबुक हा प्रकार दुकानांतून जवळजवळ गेला. नाव गेलं, माल राहिला. आजची अकरा इंची स्वस्त मशीन त्याच घराण्यातली.

त्याच २००७ साली कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप आले होते. साडेसात इंची पडदा, पण भर उन्हात वाचता येणारा. रबरी कीबोर्ड, धूळ आत न जाणारा. प्रकल्पाबद्दल पुढे बरीच टीका झाली, ती इथे नको. यंत्र मात्र लहान मुलं, ऊन आणि धूळ समोर ठेवून आखलेलं होतं. मोठ्याची छाटून केलेली ती लहान आवृत्ती नव्हती. २०२३ च्या जिओबुकबद्दलही असंच म्हणता येईल: १६,४९९ रुपये, नऊशे नव्वद ग्रॅम, अकरा पॉइंट सहा इंच, आणि विंडोजऐवजी कंपनीची स्वतःची प्रणाली. अभ्यास, व्हिडिओ, मेल यांना ठीक. टॅली किंवा विंडोजवरचं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर त्यावर चालेल या आशेने घेणाऱ्याची मात्र फसगत ठरलेली.

मग कोणी काय घ्यावं? घरात एक मशीन आधीच असेल आणि फिरतीसाठी दुसरं हवं असेल तर लहान मशीन खुशाल घ्यावं, तेही शक्यतो आठ जीबी रॅमचं आणि ईएमएमसीऐवजी एसएसडी असलेलं. निवृत्त वडिलांना बँक, बातम्या आणि परदेशातल्या नातवंडांशी बोलणं एवढंच करायचं असेल तर अकरा इंची नको. वजन त्यांना उचलायचंच नाही. त्यांना अक्षर मोठं हवं. हिशेबनिसाने पंधरा इंचीच घ्यावं, कारण उजवीकडचा आकड्यांचा कीपॅड त्या मापापासून मिळायला लागतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला लहान मशीन देऊ नये, तिसऱ्या वर्षी ते बदलावं लागेल. आणि ज्याला एकच मशीन घ्यायचंय, घरीही तेच आणि बाहेरही तेच, त्याने या दोन टोकांमधलं चौदा इंची बघावं. वजन दीड किलोच्या आतबाहेर, पडदा फुल एचडी किंवा त्याहून बारीक, आणि अक्षरांची बटणं पुऱ्या मापाची. दुकानात ते कोणी आपणहून पुढे करत नाही, कारण जाहिरात स्वस्त लहानाची असते आणि ‘एवढ्याच पैशात मोठा पडदा’ म्हणून खपवायला पंधरा इंची असतं.

नव्याची किंमत परवडत नसेल तर कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली मशीन आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती ढिगाने मिळतात, इतर शहरांतही. त्यांचे कीबोर्ड आजच्या स्वस्त मशीनपेक्षा सहसा उजवे असतात. पण इथेही आधी पोट बघायचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. थिंकपॅडची उदाहरणं घ्या. बारा इंची एक्स २७० मध्ये रॅम बदलता येते, पण प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीचा. त्याच्या पाठचं एक्स २८० आठव्या पिढीचं मिळतं, पण त्याची रॅम सोल्डर केलेली. चार जीबीचं घेतलं तर ते चारचंच राहणार. चौदा इंची टी ४८० आठव्या पिढीच्या प्रोसेसरसह मिळालं तर त्यात रॅमच्या दोन खाचा आहेत. विक्रेता तिन्ही एकाच दमात ‘कॉर्पोरेट पीस’ म्हणून पुढे करतो.

जुनं मशीन घेताना बॅटरीही तिथेच तपासावी. विंडोजची कमांड प्रॉम्प्ट उघडायची, पॉवरसीएफजी लिहून एक जागा सोडायची, तिरपी रेघ देऊन बॅटरीरिपोर्ट असा एकच शब्द लिहायचा आणि एंटर मारायचं. एक फाइल तयार होते, तिचा पत्ता तिथेच दिसतो. तीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती भरते किती, हे दोन आकडे एकाखाली एक असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आलेला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. विक्रेता आधी नाही म्हणतो, मग आतल्या माणसाला हाक मारतो.