मामाची मुलगी आणि सहा नाणी



सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी हक्काची समजतात. आत्याने भावाची लेक सून करून आणली, तर कोणाला नवल वाटत नाही. घर ओळखीचे, माणसे माहितीची! काकाची मुलगी मात्र बहीण. तिच्याशी लग्नाची गोष्टही कोणी काढणार नाही. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात महाराष्ट्रातील या चालीचे विवेचन केले आहे. ही चाल समाजाने घातली. पण निसर्ग मामा आणि काका यांत असा भेद करतो का? हे पाहण्यासाठी मोठ्या गणिताची गरज नाही. सहा नाणी पुरतात.

प्रथम थोडी माहिती घेऊ. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांवरील जनुके म्हणजे शरीराच्या घडणीच्या सूचना. प्रत्येक सूचनेच्या सामान्यतः दोन प्रती असतात: एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. एक प्रत सदोष असली, तरी पुष्कळदा दुसरी काम भागवते. असा माणूस निरोगीच असतो. त्याला त्या दोषाचा 'वाहक' म्हणतात. दोन्ही प्रती सदोष निघाल्या, तरच आजार प्रकट होतो. थॅलसेमिया, सिकलसेल आणि जन्मजात बहिरेपणाचे कित्येक प्रकार असे आहेत. असे काही छुपे दोष जवळजवळ प्रत्येक माणसाजवळ असतात.

आता समजा, एक आजोबा अशा एका दोषाचे वाहक आहेत. त्यांच्या मुलीचा मुलगा आणि त्यांच्या मुलाची मुलगी यांचे लग्न झाले. आजोबांची सदोष प्रत मुलीकडे जाईल की नाही? शक्यता निम्मी, म्हणजे एका नाण्याचा छापा-काटा. मुलीकडून नातवाकडे, दुसरे नाणे. नातवाकडून त्याच्या बाळाकडे, तिसरे. दुसऱ्या फांदीवरही तसेच: आजोबांकडून मुलाकडे, मुलाकडून नातीकडे, नातीकडून त्याच बाळाकडे. एकूण सहा नाणी. सहाही छापे पडले, तरच बाळाला दोन्ही प्रती सदोष मिळतील. ही शक्यता १/६४.

नातवाने नात्याबाहेरची मुलगी केली असती तर? समजा, बाहेरच्या लोकांत शंभरात एक जण या दोषाचा वाहक आहे. नातू वाहक असण्याची शक्यता १/४, वधू वाहक असण्याची १/१००, आणि दोघेही वाहक असल्यास मूल आजारी होण्याची १/४. गुणाकार १/१६००. म्हणजे नात्यातल्या लग्नाने या एका दोषाचा धोका पंचवीसपट झाला.

आता आकृतीत मामाच्या जागी काका लिहा. किती नाणी लागली? सहाच! लिंगसूत्रांची एक जोडी वगळली, तर उरलेल्या २२ जोड्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो. आडनाव बदलले, म्हणून नाण्यांची संख्या बदलत नाही.

याच्या उलट उदाहरण दक्षिण कोरियाचे. तेथे एकच आडनाव आणि एकच मूळ गाव असलेल्यांना परस्परांशी लग्न करण्यास कायद्याने बंदी होती. 'किम्हे किम' या एकाच कुळात चाळीस लाखांहून अधिक माणसे आहेत! समान पूर्वज पन्नास पिढ्यांपूर्वीचा असेल, तर शंभरावर नाणी एकदम छापा पडावी लागतील. १९९७ साली तेथील घटना न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली. २००५ साली कायदा बदलला, आणि आई व वडील अशा दोन्ही बाजूंचे रक्ताचे नाते मोजले जाऊ लागले.

हे वाचून घाबरू नका. कोणत्याही शंभर बालकांत दोन-तीन बालकांना गंभीर जन्मजात व्यंग किंवा आजार असतो. आई-वडील आते-मामे भावंडे असल्यास हे प्रमाण साधारण दुप्पट होते. म्हणजे अशा लग्नांतलीही बहुतेक मुले निरोगीच असतात. तुमचे आई-वडील नात्यातले असले, तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. खुद्द चार्ल्स डार्विनने १८३९ साली मामाच्याच मुलीशी लग्न केले होते. पुढे त्याला या प्रश्नाने इतके अस्वस्थ केले, की १८७१ च्या जनगणनेत अशा लग्नांची नोंद व्हावी म्हणून त्याने खटपट केली. ब्रिटिश पार्लमेंटने ती मान्य केली नाही.

एखाद्या घरी आजारी मूल जन्मले, की बोल सुनेच्या पायगुणाला लावतात. आपली सहा नाणी आठवा. तीन तिच्या बाजूची, तीन नवऱ्याच्या बाजूची, आणि सुरुवात दोघांच्या एकाच आजोबांपासून. मग दोष एकटीचा कसा? 'पहिले मूल आजारी झाले, आता दुसरे चांगलेच होणार' हेही खरे नाही. नाण्याला आठवण नसते. दोघेही वाहक असतील, तर दर खेपेस शक्यता १/४ च राहते. म्हणून नात्यात लग्न ठरत असेल, किंवा घराण्यात असा आजार असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. थॅलसेमिया आणि सिकलसेल यांचे वाहक रक्ताच्या तपासणीने ओळखता येतात.

करून पाहा: आपल्या घराण्याचा तीन पिढ्यांचा वृक्ष काढा. आईकडची नावेही वडिलांकडच्या नावांइतकीच काळजीपूर्वक लिहा. मग सहा नाणी एकदम उडवा, आणि असे ६४० वेळा करा. सहाही छापे सुमारे दहा वेळा पडतील. तुमच्या वर्गात किती वेळा पडले?