थंडीतलं कमळाचं टाकं

डोंबिवलीची थंडी म्हणजे सकाळच्या लोकलला दाराशी उभं राहिल्यावर लागते तेवढी. पाणी गोठायची भीती इथे नाही, त्यामुळे परदेशी पुस्तकांतले हीटर-बिटरचे सल्ले आपल्या कामाचे नाहीत. गच्चीवरच्या टबात आणि बंगलीच्या अंगणातल्या टाक्यात कमळं, मासे सांभाळताना जे ध्यानात आलं, ते लिहिते. सार एकच: हिवाळ्यात हात आवरायचा.

१. कमळ मेलेलं नसतं. डिसेंबरात पानं पिवळी पडतात, कडा करपतात, नवं पान येईनासं होतं. लोक घाबरून टब उपसतात. कंद मात्र खाली चिखलात शाबूत असतो. वाळलेली पानं कापा, पण देठ पाण्याच्या वर ठेवून. देठ आतून पोकळ असतो. पाण्याखाली कापला तर पाणी थेट कंदाकडे उतरतं आणि तो कुजू शकतो. खत बंद. माती बदलायची ती फेब्रुवारीअखेर, नवी पानं डोकावली की. वॉटर लिलीची गोष्ट वेगळी, ऊन मिळालं तर ती थंडीतही फुलते.

२. माशांचे लाड नकोत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातला. पहाटे पारा सोळा-सतरावर आला (बदलापूरकर याला थंडी म्हणणारच नाहीत!) की तो मंदावतो, भूकही कमी होते. उथळ टब तर रात्रीत गार पडतो. खाणं निम्म्यावर आणा आणि तेही ऊन वर आल्यावर घाला. न खाल्लेलं तळाशी कुजतं, अमोनिया होतो. थंडीने मेले असं आपण म्हणतो ते मासे बहुतेकदा याने गेलेले असतात.

३. उन्हाळ्यात सावलीसाठी बांधलेली हिरवी जाळी सोडा, आता ऊन हवं.

४. सगळं पाणी एकदम बदलू नका. थोडं काढा, थोडं घाला. नळाचं पाणी दिवसभर बादलीत उघडं ठेवलं की क्लोरीनही उडतं आणि गारठाही.

५. सोसायटीतला बदाम याच दिवसांत लालभडक होऊन पानं गाळतो. एखाद-दुसरं पान पाण्यात राहिलं तर चहासारखा रंग येतो, माशांना त्रास नाही. थर मात्र साचू देऊ नका.

६. डास थंडीत संपत नाहीत. अळ्यांना वाढायला दिवस जास्त लागतात, इतकंच. डेंग्यूवाल्या एडिसला तर आपलं स्वच्छ पाणीच आवडतं. टब रिकामा केलात तर कडा ब्रशने खसखसून घासा, कारण त्याची अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात.

७. जांभळ्या फुलांची जलपर्णी नर्सरीत हौसेने घेतली जाते आणि वाढली की नाल्यात टाकली जाते. उल्हास नदीवर तिचा गालिचा पसरलेला कल्याणकरांनी पाहिला आहेच, आणि त्याच नदीचं पाणी आपण पितो. तेव्हा जास्तीची जलपर्णी उन्हात कडकडीत वाळवा आणि झाडांच्या बुडाशी घाला. गप्पीही तलावात सोडू नका, शेजाऱ्याच्या टबात द्या.